सरांनी दिलेला वेग चुकीचा नव्हता

सर गेले. आणि मी त्यांना खरं सांगितलंच नव्हतं.

सकाळी फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसाच परातीत राहिला. अठ्ठावन्न हे काय जायचं वय आहे का हो?

परवाच मांजरी गावच्या बाजारात भेटले. कोथिंबिरीची जुडी हुंगत उभे. "आजी, ऋतू पळते का?"
मी म्हटलं, "अभ्यास असतो हो तिला."
तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मी चौथी शिकलेली. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. पण आज लिहिणारच.

ऋतू माझी नात. आमच्या घरात बाई कधी बस पकडायलासुद्धा पळाली नाही, आणि ही पोर दहा किलोमीटरची तयारी करत होती! मला कोण कौतुक. रोज पहाटे तिच्यासोबत ट्रॅकवर. तिथं बसून कुणाची आई कुठली, कुणाच्या ताईचं जमलं, सगळं विचारून झालं.

तिचे कोच, म्हणजे आपले सर, म्हणाले, "आजी, तोंड चालूच आहे, आता हातही चालू द्या." आणि स्टॉपवॉच दिलं.

त्यांची पद्धत साधी. चारशे मीटरची एक फेरी जोरात, मग थोडं चालायचं, परत फेरी. अशा आठ. याला ते इंटर्व्हल म्हणायचे.
"पहिली फेरी सगळेच मारतात. शेवटची जितक्याला येते तो तुझा खरा वेग. रेसला त्यात फेरीमागे आठ सेकंद वाढवायचे, आणि तो वेग शेवटपर्यंत सोडायचा नाही."

ऋतूची पहिली फेरी आली एक मिनिट बावन्न सेकंदांना. दुसरीही.
मग पोर दमली. तोंड लालबुंद. माझ्याकडे बघून विचारते, "आजी, किती?"

घड्याळात एक सत्तावन्न.
मी म्हटलं, "एक बावन्न!"
काय हसली हो.

मग मी आठव्या फेरीपर्यंत तेच सांगत राहिले. सरांनी तेच वहीत लिहिलं. त्यावरून रेसचा वेग काढला, किलोमीटरला पाच मिनिटं.

रेसच्या दिवशी सातव्या किलोमीटरला ऋतू डिव्हायडरवर बसली. उलट्या. तिला गाडीत घालून आणली.

सरांनी वही उघडून मला विचारलं, "आजी, हे आकडे बरोबर ना?"
सगळे पालक उभे होते. मी म्हटलं, "हो सर."
"मग चूक माझी. वेग मी चुकीचा दिला."

एवढंच बोलले. पुढच्या आठवड्यात दोन पोरं दुसऱ्या कोचकडे गेली. ऋतू घरी येऊन म्हणाली, "त्या माणसाने माझी वाट लावली." बूट माळ्यावर टाकले.
मी ऐकलं. आज सांगते, उद्या सांगते, करत वर्ष काढलं.

आज ऋतूला म्हटलं, चल, शेवटचं दर्शन घेऊ.
"मी येत नाही, आजी."

तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं.

ती म्हणाली, "शेवटची फेरी खरी कितीची होती?"
"दोन मिनिटं चार सेकंद."
बोटांवर मोजलं तिने. "म्हणजे सरांनी साडेपाच मिनिटांचा वेग दिला असता."
"हो गं."
"आणि मी पूर्ण केली असती."
"हो."

मला वाटलं ओरडेल. नाही ओरडली. तिनं गाडीची किल्ली घेतली.

तिथं तिनं सरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि "सॉरी सर" म्हणाली.
सॉरी तिनं का म्हणायचं? म्हणायला हवं होतं ते मी. माझ्या तोंडून फुटलंच नाही.

म्हणून इथं लिहिते. ज्यांनी पोरं काढून नेली त्यांनीही वाचा. सर चुकले नव्हते. घड्याळ माझ्या हातात होतं.

सर, माफ करा. या आजीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार. 🙏