घरतकाकांचं लेबल

घरतकाकांच्या गॅसवर पातेलं चढलं की दारातून कोणी हाक मारायची नाही, असा अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत अलिखित नियम होता. काका स्टीलच्या ताटलीत जांभळाच्या सिरपचा एक थेंब टाकत, ताटली तिरकी धरत आणि त्या थेंबाकडे टक लावून पाहत. "धावला तर सरबत, चिकटला तर जॅम. विचार करत निघाला की समजायचं, झालं." सरकारी फायलीकडे इतक्या आस्थेने पाहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

साखर ते घालत नसत. जांभळं हाताने कुस्करायची, गर गाळायचा, गूळ वेगळा वितळवून फडक्यातून गाळायचा, कारण गुळात काय काय निघतं हे सांगण्यासारखं नाही. मग दोन्ही एकत्र आटवून वर लिंबू. पण याला कोणी 'शुगर फ्री' म्हटलं की काका चिडत. "गूळ म्हणजे न शिकलेली साखर. डिग्री नाही म्हणून स्वभाव बदलत नाही."

हे शहाणपण त्यांना महागात पडलं होतं. सुमनकाकूंना मधुमेह निघाला तेव्हा गूळ चालतो अशा समजुतीने काकांनी त्यांच्यासाठीच हे सिरप पहिल्यांदा केलं. काकू आठवडाभर रोज तीन ग्लास प्यायल्या. पुढचा रिपोर्ट पाहून डॉक्टर काकांवर असे ओरडले की बाहेर बसलेले पेशंटही सरळ बसले. तेव्हापासून काकूंना मिळे खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने एक झाकण. "लग्नात सात पावलं चाललात, आता झाकणं मोजा," काकू म्हणत.

आपली बाटली एकदा खऱ्या दुकानाच्या फळीवर उभी पाहायची, ही काकांची एकच हौस. ती पुरी होण्याची वेळ आली ती उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या चेतवानींमुळे. त्यांचं सुक्या मेव्याचं दुकान. त्यांनी साठ बाटल्या मागितल्या आणि लेबलं स्वतःच छापून आणली. लेबलावर एक हसरा डॉक्टर, खाली 'शुगर फ्री. मधुमेहींसाठी वरदान.' ती दाखवायला ते घरी आले तेव्हा मी काकांकडेच होतो. काकांनी लेबल वाचलं आणि चष्मा काढला.

"हे नाही लागणार."

"अरे काका, जामुन तो शुगरवालों की दवा है!"

"जांभूळ असेल औषध. आत किलोकिलोने गूळ आहे, तो पथ्य पाळणार का?"

"सब ऐसाच लिहितात. गुळात शुगर कुठे असते?"

"मग गोड काय लागतं, तुमचं बोलणं?"

काकूंनी आतून सुनावलं, "अहो, दुकान चालून घरी आलंय! नोकरीभर खरी लेबलं चिकटवलीत, कोणी आरती ओवाळली?"

ते खरं होतं. केमिकल कंपनीत काकांचं काम ड्रमांवर लेबलं लावण्याचं. "तिथे लेबल चुकलं की कोणाचा तरी हात भाजायचा," ते काकूंना म्हणाले. मग चेतवानींकडे वळले. "शेठ, तुमच्या अम्मांना शुगर आहे ना? त्यांना द्याल ही बाटली?"

चेतवानी म्हणाले, "अम्मांला तर मी आंबासुद्धा डॉक्टरला विचारून देतो."

"मग त्यांना वाचून दाखवता येईल असं लिहा."

शेवटी लेबल मी लिहिलं, काकांनी सांगितलं तसं: 'जांभूळ, गूळ, लिंबू. चांगलं गोड आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा.' चेतवानींनी कपाळाला हात लावला आणि साठाऐवजी बाराच बाटल्या नेल्या.

काका गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण निघाली की मला त्या दुकानातली दुपार दिसते. इस्त्रीचा शर्ट घालून ते मला बाटल्या दाखवायला घेऊन गेले होते. सगळ्यात खालच्या फळीवर, बेदाण्यांच्या डब्याशेजारी, त्या उभ्या होत्या. तेवढ्यात एका बाईंनी एक बाटली उचलली. काकांनी माझं मनगट धरलं. बाईंनी लेबल पुटपुटत वाचलं, "अय्या, बरं झालं लिहिलंय, मला शुगर आहे" म्हणाल्या, बाटली जागेवर ठेवली आणि बदाम घेऊन गेल्या.

"देखा?" चेतवानी कळवळले. "गेलं गिऱ्हाईक!"

काकांचा चेहरा असा खुलला होता की जणू बाराच्या बारा बाटल्या खपल्या.

"शेठ," ते म्हणाले, "वाचलं हो तिने!"