झेंड्याचा उजवा हात

गोविंदाभाऊंनी आयुष्यातली सव्वीस वर्षं आरशात काढली. धामणगाव बढ्याच्या बसस्टँडसमोर त्यांचं कटिंगचं दुकान. गिऱ्हाईक खुर्चीत, गिऱ्हाइकाचं तोंड आरशाकडे, आणि गोविंदाभाऊंची नजर आरशातल्या गिऱ्हाइकावर. बोलायचं तेही त्याच्याशीच. पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ ते आरशात उलटं वाचतात आणि वेळ बरोबर सांगतात. सरळ घड्याळ दाखवलं तर मात्र दोनदा विचार करतात. बाजारात समोरासमोर भेटले की क्षणभर परक्यासारखं बघतात, मग मान जराशी वाकडी करून म्हणतात, "हाव, तू व्हय." माझा डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर आहे अशी त्यांची अजून समजूत आहे.

अशा माणसाला भिंतीवर झेंडा लावायची बुद्धी झाली.

ग्रामपंचायतीनं ऑगस्टात घरोघरी झेंडे वाटले होते. सोळा तारखेला बहुतेकांचे पेटीत गेले, काहींचे गच्चीवरच विसरले. गोविंदाभाऊंनी आपला धुऊन, इस्त्री करून दुकानात आणला. मागच्या भिंतीवर कॅलेंडर आणि घड्याळ यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी मोकळी होती, म्हणून तो आडवा न लावता उभा लावला. लावताना सवयीप्रमाणे आरशात बघितलं. आरशात केशरी पट्टा डावीकडे दिसला आणि गोविंदाभाऊ खूश झाले.

आडवा झेंडा असला की केशरी वर, त्यात भांडण नाही. उभा लावला की केशरी कुठल्या हाताला, इथे भले भले अडतात. आमच्या गावात एकच माणूस अडत नव्हता. दयारामबुवा.

बुवा बत्तीस वर्षं शाळेत शिपाई होते. झेंड्याची घडी, दोरी, घडीतली फुलं, सगळं त्यांच्याकडे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ते शाळेतून निवृत्त झाले, झेंड्यातून नाही. कुणाकडे पत्रिका द्यायला गेले तरी आधी भिंती बघायचे. टेबलावर झेंडा अंथरलेला दिसला तर चहा न पिता उठायचे. फाटक्या कडेचा दिसला तर मालकाला बाजूला घेऊन, सोयरिकीतली आतली गोष्ट सांगावी तसं हळू सांगायचे, की हा आता एकांतात, अख्खाच्या अख्खा, मानानं जाळायचा. पुसायला फडकं करायचं नाही. पोरं त्यांना बघून घराच्या भिंती झाकायची. त्या पोरांत मीही होतो.

बुवा दर बुधवारी दाढीला यायचे. पहिल्याच बुधवारी त्यांनी झेंड्याच्या वरचा टॉवेलचा खिळा काढायला लावला. नंतर झेंड्यापेक्षा उंच टांगलेलं कॅलेंडर खाली घ्यायला लावलं. मग झेंडा वीतभर वर सरकवला, कारण बाकावर बसलेल्यांची तेलकट डोकी त्याला लागत होती. गोविंदाभाऊंनी हे सगळं गुमान केलं. अडलं ते शेवटच्या गोष्टीवर.

"आता तेवढा सुलटा कर," बुवा म्हणाले.

"उलटा कुठं हाये बुवा? केशरी डाव्या हाताले हाये न."

"आरशात हाये. भित्तीवर उजव्या हाताले हाये. मांगं पलटून पाह्य."

"गिऱ्हाईक आरशात पाह्यते. भित्तीकडं त्याची पाठ असते."

"पण झेंड्याची आपल्याकडं पाठ नसते. तो तुह्याकडं तोंड करून उभा हाये. त्याच्या उजव्या हाताले केशरी पायजे, म्हंजे आपल्या डाव्या."

"त्याले हात बी हाये का?"

"हाये. डोये बी हाये. बत्तीस वर्सं मी त्याच्या खाली उभा राह्यलो, तू नाई."

"मंग आरशातला कोन हाये?"

"आरशातला झेंडा नाई," बुवा म्हणाले. "आरशात जे दिसते ते कोनाचंच नसते."

बाकावरचे आम्ही सगळे हसलो. गोविंदाभाऊ हसले नाहीत. ज्याची सगळी कमाई आरशातली, त्याला हे असं ऐकवणं बरं नव्हतं. मला वाटतं, तिथेच त्यांनी हट्ट धरला.

हे भांडण वर्षभर चाललं. दर बुधवारी तेच. आम्ही काम नसताना ते ऐकायला जायचो.

मग तो एक बुधवार आला. गोविंदाभाऊंनी बुवांचा डावा गाल केला, वस्तरा कागदावर पुसला आणि उजव्या बाजूला आले. तेवढ्यात अंगावरच्या कपड्याखालून बुवांचा हात वर आला.

"पयले तो पलटव. मंग हा गाल."

"पयले गाल बुवा, मंग झेंडा."

"नाई."

"मंग जा तसेच."

हे थट्टेत म्हटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण बुवांनी कपडा काढला, उजव्या गालाचा साबण हातानं निपटला आणि उठले. अर्धी दाढी घेऊन. बाकावर हसू फुटलं. दारातून बुवा वळले, पण हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही.

"अर्धी तुह्याकडं राह्यली गोविंदा," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदाभाऊ ब्लेडं आणि तुरटी आणायला मलकापूरला गेले. इकडे साडेआठला चहा पिता पिता दयारामबुवांची मान खाली गेली ती गेलीच. मुलगी जवळच मोताळ्याला होती, ती अकराला आली. थांबायचं आणखी कुणासाठी नव्हतं. दोन वाजता सगळं आटोपलं. गोविंदाभाऊ चारच्या बसनं उतरले तेव्हा माणसं आंघोळी करून ओल्या डोक्यानं घरी चालली होती.

तिरडीवरचा चेहरा सगळ्या गावानं बघितला. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर पांढरे खुंट.

दहाव्याला नदीवर गोविंदाभाऊंनीच सगळ्या भाऊबंदांची डोकी केली. तिथून थेट दुकानात आले आणि पाय न धुता झेंडा पलटवला. भिंतीवर केशरी आता डाव्या हाताला आलं, बुवांना हवं तसं. म्हणजे आरशात ते उजवीकडे दिसायला पाहिजे. गिऱ्हाइकं बोलतील, म्हणून त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं. त्या उत्तराची गरज पडली नाही. कुणी बोललंच नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"बस खुर्चीत. आरशात पाह्य. केशरी कोन्या हाताले हाये?"

"डाव्या."

"आता उठ, भित्तीवर पाह्य."

"डाव्याच."

मी पुन्हा खुर्चीत बसलो. आरशात कॅलेंडरचे आकडे उलटे होते, जसे असायला पाहिजेत. घड्याळाचा काटा उलटा फिरत होता. बाकावर आमचा अश्वजित बसला होता, नवा लागलेला शिक्षक, त्याच्या शर्टाचा खिसा भलत्या बाजूला होता. सगळं आरशातल्यासारखं होतं. फक्त झेंडा आरशातल्यासारखा नव्हता. तो आमच्याकडे तोंड करून सरळ उभा होता.

बारावीला भौतिकशास्त्रात मला पस्तीस मार्क पडले होते. त्यांतला एकही त्या वेळी कामाला आला नाही.

"कापड दोन्हीकडून सारखंच असते न भाऊ, त्याच्यानं व्हत असन," मी म्हणालो.

"कॅलेंडराच्या आकड्याले ते समजलं, अन् झेंड्याले नाई समजलं?"

मी पुन्हा आरशात बघितलं. पंखा चालू होता, तरी आरशातल्या झेंड्याची कड हलत नव्हती. भिंतीवरची हलत होती.

एवढ्यावर भागलं असतं तर गोविंदाभाऊ त्याच्याशी जुळवून राहिले असते. लोक घरात साप आहे हे माहीत असून वर्षानुवर्षं झोपतात. पण त्याच आठवड्यात त्यांचा हात गेला.

डावा गाल झक्क व्हायचा. उजव्या बाजूला आले की हात थांबायचा. कापायचा नाही, थरथरायचाही नाही. नुसता गालापासून दोन बोटांवर अडायचा, जसं कपड्याखालून कुणी हात काढून मनगट धरलं आहे. गोविंदाभाऊ जोर लावायचे, घामाघूम व्हायचे, शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात टॉवेल द्यायचे. त्या आठवड्यात गावात तीन जण अर्ध्या दाढीनं हिंडले. मी त्यांना पुण्याची फॅशन आली म्हणून चिडवून घेतलं. चौथा मी होतो.

माणसं चौकातल्या नव्या सलूनकडे वळली. गोविंदाभाऊंनी वस्तरा ड्रॉवरमध्ये टाकला आणि मशीननं पोरांची डोकी करायला लागले. मी एक दिवस आरशावर चादर टाकून बघा म्हणालो. टाकली. हात तिथेच अडला. खुर्ची बदलली. तिथेच अडला.

"आरशाचं नाई हे," ते म्हणाले. बाकावर माझ्या शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे. "माहा बाप याच हाताकडं पाहून मेला. म्हने, हात हाये तोवर गोविंदा हाये. आता हा गेला त मी कोन हाये बे?"

मला थट्टा सुचेना. सुचली असती तर मी सोडली नसती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही बुवांच्या घरी गेलो. बुवांची बायको तानाबाई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. भिंतीवर बुवांचा फोटो होता. मतदार कार्डावरून मोठा केलेला, त्यामुळे त्यातही ते कुणावर तरी डाफरल्यासारखे दिसत होते.

"काकू," गोविंदाभाऊ म्हणाले, "माह्याच्यानं चूक झाली. माफी मांगाले आलो."

"मले काऊन मांगतो? मी काय दाढी करते?"

मी हसलो. एकटाच हसलो. तानाबाई निवडलेली पानं टोपल्यात टाकत राहिली.

"मले त वाटलं तू करून राह्यला अशीन," ती म्हणाली. "दर बुधवारी आठ वाजले का खाट वाजते. मंग चपला. मंग फाटक. तुह्या दुकानाच्या रस्त्यानं जातात."

गोविंदाभाऊंचा आवाज पार खाली गेला. "अन् परत येतात?"

"परत आल्याचा आवाज अजून नाई आला." तिनं मेथीची काडी मोडली. "ज्याची राह्यली त्याची कर न बापा. मंग येतीन."

बुधवारी पावणेआठला गोविंदाभाऊंनी दुकान उघडलं. लख्ख ऊन होतं, समोर बुलढाण्याची बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मला बाकावर बसवलं. "नुसता बस. बोलू नको," म्हणाले. एवढं अवघड काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी खुर्ची फिरवली. आरशाकडे पाठ, भिंतीवरच्या झेंड्याकडे तोंड. ताजा कपडा झटकला आणि दाराकडे बघत उभे राहिले. घड्याळ सरळ वाचता येईना, म्हणून आरशात बघितलं. आठ.

"बसा बुवा," ते म्हणाले. "पाहा. पलटवला."

कपडा त्यांनी खुर्चीवर टाकला आणि मागे गाठ मारली. गाठ मारताना बोटं जरा थांबली, मान केवढी आहे याचा अंदाज घेतल्यासारखी. मी मांडीवरचा पेपर उघडला आणि एका शेतीच्या जाहिरातीवर नजर रुतवून ठेवली. ब्रश वाटीत फिरल्याचा आवाज आला. मग गोविंदाभाऊ म्हणाले, "मान जराशी इकडं घ्या."

आणि वस्तऱ्याचा आवाज आला.

हवेत फिरवलेल्या वस्तऱ्याला आवाज नसतो. हा होता. खर्र, खर्र, जाड खुंटांवरून फिरताना येतो तसा, वरून खाली, मग हनुवटीखाली आडवा. मधे कागदावर पुसल्याचा. मी त्या जाहिरातीतलं बियाण्याचं नाव सतरा वेळा वाचलं. बाहेर बस सुटली, दुकानाच्या काचा थरथरल्या, वस्तऱ्याचा आवाज तुटला नाही.

"तुरटी झोंबन," गोविंदाभाऊ म्हणाले. थोड्या वेळानं, "या मंग."

माझ्या गुडघ्यांपुढून काहीतरी गेलं. वारा म्हणवत नाही. जागा करून द्यायला मी पाय आत घेतले होते, हे मला नंतर कळलं.

गोविंदाभाऊंनी कपडा काढून दारात झटकला. पुसायचा कागद त्यांनी माझ्याकडे बघत घडी केला आणि चुरगळण्याआधी एकदा उघडून दाखवला. साबणात पांढरे बारीक खुंट होते. मी आरशाकडे बघितलं. आरशात केशरी उजवीकडे होतं, उलटं, जसं असायला पाहिजे.

खुर्ची पुन्हा आरशाकडे फिरवेपर्यंत अश्वजित आला. त्याला शाळेची घाई. त्यानं बॅग माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "भाऊ, आज तरी दोन्ही गाल करा. पोरं हसतात."

"बस," गोविंदाभाऊ म्हणाले. डावा गाल झाला. ते उजव्या बाजूला आले. मी बॅगेचा पट्टा घट्ट धरला. वस्तरा गालाला टेकला आणि सरळ खाली आला.

"काऊन भाऊ," साबणाच्या तोंडानं अश्वजित म्हणाला, "खुर्ची एवढी गरम कशी? आत्ता कोन बसलं व्हतं?"

"दयारामबुवा," गोविंदाभाऊ म्हणाले. "हालू नको."