न मागितलेली माफी

माझ्या मोठ्या मावशीला ‘त्याला माफ करून टाक’ म्हणणाऱ्यांची आमच्या घरात कधीच कमतरता नव्हती. माफी मागायला मात्र कुणी पुढे येत नव्हतं.

आजोबांची लाँड्री त्यांच्यामागे मावशीनेच चालवली. कपड्यांवरचे डाग, गिऱ्हाइकांच्या कटकटी, वाफेची इस्त्री, सगळं तिच्या गळ्यात. धाकटा मामा तेव्हा जेवायच्या वेळेला उठायचा. मग आजी आजारी पडली आणि मावशी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून राहिली. आजी गेल्यावर ती परत आली, तर दुकानाला नवं कुलूप आणि वर मामाच्या नावाची पाटी. ‘‘तुला आता झेपणार नाही, ताई,’’ असं मामा म्हणाला. वर उपकार केल्याचा आव. तेव्हापासून मावशी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याच्या लाँड्रीत इस्त्रीला उभी राहते. माझी आई, म्हणजे मधली बहीण, दोघांच्या मध्ये उभी राहून एकच पालुपद लावते, ‘‘झालं गेलं विसरून जा.’’ या वाक्याची मला चीड आहे. ज्याचं काही गेलेलं नसतं त्यालाच ते सुचतं.

मावशीचं शिक्षण अर्ध्यात सुटलेलं. म्हणून कामावरून सुटल्यावर ती वाचनालयातल्या वाचनवर्गाला जायला लागली. तिथल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. दरवर्षी एक जुनं नाटक घ्यायचं, भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, टेबलाभोवती बसून वर्षभर वाचायचं आणि शेवटी सभासदांसमोर प्रयोग करायचा, तोही हातात पुस्तक धरून. वर्गाचा एक नियम होता. वाचताना कुणीही ‘थांबा’ म्हणून दुसऱ्या पात्राला प्रश्न विचारू शकतो, आणि त्या पात्राने उत्तर दिल्याशिवाय पान उलटायचं नाही.

त्या वर्षीच्या नाटकात एक जादूगार होता, एका शहराचा राजा. तो मंत्रतंत्रात गुंग असताना सख्खा भाऊ शहराचे दरवाजे लावून घेतो आणि गादीवर बसतो. जादूगार दलदलीत दिवस काढतो, म्हातारा होतो आणि एक दिवस धुकं पसरवून त्या भावाला वाट चुकवत आपल्या पायाशी आणतो. आता हा त्याचा बेडूक करणार की दगड, म्हणून आपण सरसावून बसतो, तर जादूगार त्याला माफ करतो.

जादूगाराची चिठ्ठी मावशीला आली. दगाबाज भाऊ आला कंडक्टरकाकांच्या वाट्याला. जन्मभर बसमध्ये लोकांना पुढे सरकवलेला हा साधा माणूस. ते बिचारे हिरमुसले.

शेवटचा अंक पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मावशीने मध्येच ‘थांबा’ म्हटलं.

‘‘हा माफी कधी मागतो?’’

कंडक्टरकाकांनी पानं चाळली. ‘‘मला तर इथे वाक्यच नाही.’’

‘‘मागत नाही तो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘न मागता दिली, हाच जादूगाराचा मोठेपणा.’’

‘‘वा! ज्याने दार लावलं तो मूग गिळून गप्प, आणि ज्याला बाहेर काढलं त्यानेच गोड बोलायचं?’’

‘‘नाटककाराने तसं लिहिलंय, ताई.’’

‘‘लिहू दे. त्याचं दुकान कुणी बळकावलं नसेल.’’

तरी भाषण तिने पाठ केलं. आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता म्हणायची, ‘‘भावा, जा, तू मोकळा आहेस. तुझ्यावरचा माझा राग मी या धुक्याबरोबर सोडून देतो.’’ आईने ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात नको तो दिवा पेटला. तिने मामाला फोन केला. ‘‘प्रयोगाला ये, पुढेच बस. ताईच्या तोंडून एकदा ऐकलंस की मिटलं सगळं.’’ मामाला काय, फुकटात काम होत होतं! त्याने चार नातेवाइकांना सांगूनही टाकलं, की ताई सगळ्यांसमोर मला माफ करणार आहे.

हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. मी तडक लाँड्रीत जाऊन मावशीला सगळं सांगितलं. तिने शर्टाची दुसरी बाही ओढून घेतली, त्यावर इस्त्री फिरवली आणि म्हणाली, ‘‘येऊ दे.’’

मामा आला, पुष्पगुच्छ घेऊन. आईशेजारी पहिल्या रांगेत बसला. शेवटच्या अंकात कंडक्टरकाका गुडघ्यांवर बसले. मावशीने पुस्तक मिटलं.

‘‘थांबा. भावा, दार का लावलंस?’’

कंडक्टरकाका गोंधळले. ‘‘ताई, आज प्रयोग आहे,’’ ते पुटपुटले. पण मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. सभागृहात कुजबुज सुरू झाली. शेवटी मामाच उठला.

‘‘वाच ना पुढे, ताई. नाटक आहे ते.’’

‘‘नाटक आहे, तर फुलं कशाला आणलीस?’’ मावशी म्हणाली. ‘‘‘चुकलं’ म्हण. लगेच पुढचं वाचते.’’

‘‘इतक्या लोकांसमोर?’’

‘‘माफी घ्यायला लोक चालत होते.’’

मामाचा चेहरा लालबुंद झाला. फुलं खुर्चीवर टाकून तो तरातरा निघून गेला. दार आपटल्याचा आवाज आला. आता आई त्याच्यामागे धावणार, मला खात्री होती. ती उठलीही, पण जागची हलली नाही.

‘‘ताई,’’ आई म्हणाली, ‘‘माझं चुकलं. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा त्याने कुलूप बदललं. मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले.’’

मला हे ठाऊक नव्हतं. मावशीलाही नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसलं. बाई काही बोलायला गेल्या, तर तिने हातानेच त्यांना थांबवलं. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. मग तिने पुस्तक उघडलं. आवाज फाटत होता, तरी ती वाचत गेली.

‘‘बहिणी, जा, तू मोकळी आहेस. तुझ्यावरचा माझा राग मी या धुक्याबरोबर सोडून देते.’’

कंडक्टरकाका गुडघ्यांवर बसून होते तसेच डोळे पुसायला लागले.

मामा अजून नातेवाइकांकडे रडगाणं गातो, की ताईने चारचौघांत माझी शोभा केली. कुणी मध्यस्थी करायला आलंच, तर मावशी इस्त्री खाली न ठेवता म्हणते, ‘‘‘चुकलं’ म्हणायला त्याचं तोंड त्याच्याकडेच आहे. त्याला यायला सांग.’’