फोटोखालचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अम्माला नाही, घरातल्या कुणाला नाही, देवापुढंसुद्धा पुरतं नाही — तिथूनही दरवेळी मधूनच उठून आले. तुम्हाला सांगते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल. आणि खरं बोलू का? सांगायला बसले की लाजेच्या आधी मला आनंदच होतो. तो दिवस आठवला की अजून छाती धडधडते. मी हसायला लागते, एकटीच. मग पुढचं आठवतं — पण हसून झाल्यावर. माझ्यासारख्या माणसाला काय म्हणावं? तुम्हीच ठरवा, मला सांगू नका.

आम्ही जालन्यात मस्तगडाजवळच्या एका गल्लीत राहतो. आम्ही म्हणजे हिजडे. ज्या घरात लेकरू जन्मतं तिथं ढोलक घेऊन जातो, लेकराला हातात घेऊन नाचतो, आशीर्वाद देतो. त्याला बधाई म्हणतात. आमची गुरू अम्मा. ती हैदराबादकडची, म्हातारी, आवाजानं घर चालवणारी. मी कुंभार पिंपळगावची. शेतीवाल्या घरातली, चौथीपर्यंत शिकलेली. घरातून काढून दिलं तेव्हा एवढी एकच चीज माझ्यासोबत आली — वाचता येणं. अम्माच्या अख्ख्या घरात वाचता येणारी मी एकटी. अम्मानं नाव ठेवलं चंदा. बाजारात सारे म्हणायचे, चंदा दिसायला देखणी. मला ते बराबर माहीत होतं.

आणि मैना. ती टेंभुर्णीची. उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की ढोलकीची गरज नाही. सकाळी दाढी करायची, दुपारी गाल निळसर दिसायचे. पण मैनेनं लेकरू हातात घेतलं की रडणं बंद. कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. मला ताप आला की ती रात्रभर उशाशी बसायची. माझं न्हाणं, वेणी, सगळं तिच्या हातानं. मी तिला अक्का म्हणायची.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. गावात नवं नवं काहीतरी रोज चाललेलं — सभा, मिरवणुका, पेपर. पेपर म्हणजे एक साप्ताहिक, गावातच छापलेलं. ते काढायचा हस्तीमल. कापसाच्या मारवाडी पेढीवरचा मुलगा, पण पेढी सोडून छापखान्यात बसायचा, बोटं कायम काळी. तो एक दिवस आमच्या अंगणात आला आणि चपला काढून खाली बसला. आमच्या अंगणात कोणी चपला काढत नाही हो! तो म्हणाला, गावातल्या सगळ्या लोकांबद्दल लिहून झालं, तुमच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. तुम्ही तुमचं सांगा, मी छापतो. फोटोसकट.

फोटोसकट.

तो गेल्यावर घरात जे पेटलं! दोन दिवस चूल धड पेटली नाही, पण बोलणं पेटलं. अम्मा म्हणाली, बिलकुल नाही. निजामाच्या वेळी पोलिसांनी आपली नावं लिहून घेतली होती, त्यातून काय भलं झालं? आपला चेहरा ज्या दारात लागतो त्या दारात दिसावा, वाण्याच्या पुडीवर नाही. काशी म्हणून एक होती, ती म्हणाली, भावांच्या हाती पडला पेपर तर? मी भांडत होते. मी म्हणत होते, आपण दिसतो ते फक्त टाळी वाजवताना, लोक तेवढंच बघतात. एकदा नीट उभं राहून दिसू या. कुणी म्हणालं, दिसायचं तर सगळ्यांनी. कुणी म्हणालं, जी चांगली दिसते तिनं. तिथं सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली मान घातली — पण कशी? पदर सावरत.

तेव्हा मैना बोलली. ती तोवर ज्वारी निवडत बसली होती.

"मला दगड मारणारं पोरगं मी वळखते," ती म्हणाली. "त्याला पैल्यांदा मीच हातात घेऊन नाचल्ते. त्याच्या मायनं मला दिल्तं. ते इसरलं, मी न्हाई इसरले. एवढं लिव्हा म्हनावं पेपरात. बाकी काई नको."

अम्मानं डोळे पुसले, आणि मग म्हणाली, जा. मैनाच जाईल. घराच्या वतीनं तीच बोलेल, तिचाच फोटो. आणि चंदा सोबत जाईल, लिहिलेलं बराबर आहे का ते बघायला.

बघायला! मला बघायला पाठवलं होतं — दिसायला नाही. हे मी किती वेळा स्वतःला सांगितलं असेल.

छापखान्यात गेलो तो दिवस म्हणजे लग्नाचाच म्हणा ना. अम्मानं पेटीतली जरीची साडी मैनेला दिली. मी पण माझी सगळ्यात चांगली नेसले. का नेसले? मला कुठं फोटो काढायचा होता? शाईचा तो वास, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी माणसं, यंत्राचा दणदणाट — आणि मधे तीन पायांचा कॅमेरा, त्यावर काळं फडकं. मैना तर लहान पोरासारखी झाली. खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायला लागली, माझ्या नावाचं अक्षर कोणतं? त्यानं शिशाचा 'म' तिच्या तळहातावर ठेवला. ती म्हणाली, हे तर उलटं हाय. तो म्हणाला, छापल्यावर सुलटं होतं. ती इतकी हसली की यंत्रवालासुद्धा थांबला.

तिनं हस्तीमलला आपलं बोलणं सांगितलं. जसं अंगणात बोलली तसंच. तो लिहिताना दोनदा थांबला. मग फोटोवाल्यानं तिला उभं केलं, फडक्यात डोकं घातलं, फोटो काढला. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, तुमचाही एक काढू, फोटोची एक काच शिल्लक आहे. मी उभी राहिले. हनुवटी जरा वर. देवाशप्पथ, असा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

मैना परत त्या खिळेवाल्याकडं गेली होती. हस्तीमलनं मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. त्याला अवघड वाटत होतं. तो म्हणाला, लोकांनी मान द्यावा म्हणून मी हे छापतोय, पण मैनेचा चेहरा बघून लोक हसतील, मग बोलणं कोण वाचणार? आणि मग हळूच —

"ही तुमच्यातलीच आहे ना? खरी?"

आता ऐका. मैनेचं आणि माझं अंग सारखंच. आमच्यातल्या काहीजणी अंग कापून घेतात; ते तिचं झालं नव्हतं, तसं माझंही झालं नव्हतं. फरक एवढाच, माझ्या गालावर केस कमी. तिला खोटी म्हणायचं तर मी कोण? आणि हे खरं-खोटं ठरवायचं अंगावरून, हे तरी कुठं लिहिलंय? अम्मा तर म्हणायची, जिनं आपलं घर सोडून या घरात भाकरी थापली ती आपली. मला हे सगळं येत होतं. एक 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "न्हाई. ती पोटासाठी साडी नेसते."

एवढंच नाही. त्यानं विचारलं, मग हे बोलणं? मी म्हणाले, माझंच आहे, मी तिला शिकवलं होतं. माझं नाव लिहा.

किती वेळ लागला? पाणी पिऊन होईल तेवढा. आणि मी थरथरत होते, पण भीतीनं नाही. मला कळत होतं, फोटो माझा येणार.

पेपर आला तो बाजाराचा दिवस. हस्तीमलनं दोन प्रती घरी पाठवल्या. अम्मानं जिलेबी मागवली. सगळ्या अंगणात गोल करून बसल्या, मैना अगदी माझ्यासमोर, गुडघे पोटाशी घेऊन. मी पेपर उघडला. मी होते! चांगली हातभर नाही, पण तळहाताएवढी तरी, काळीपांढरी, हनुवटी वर. खाली माझं नाव. खाली मैनेचं बोलणं, माझ्या नावानं. आणि त्याच्या खाली चार ओळी — की या लोकांत काही पुरुष निव्वळ पोटासाठी सोंग घेऊन फिरतात, मैना नावाचा असाच एक बाजारात दिसतो, गावकऱ्यांनी खरे-खोटे ओळखावे.

मी वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट, चौथीच्या मास्तरांनी शिकवलं तसं. फक्त जिथं माझं नाव होतं तिथं मैनेचं वाचलं. त्या चार ओळी वाचल्याच नाहीत. फोटोचं विचारलं तेव्हा सांगितलं, मैनेचा हलला, म्हणून माझा टाकला.

मैना म्हणाली, "मीच हालले असंन. मला दम निंघत न्हाई." आणि तिनं जिलेबीचा पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला.

तुम्हाला वाटेल, तो घास मला गिळवला नसेल. गिळवला हो. गोड लागला. बाजारात लोक वळून बघत होते, मास्तर मंडळी नमस्कार करत होती, एका दुकानदारानं काचेवर पेपर चिकटवला होता. मी त्या दुकानावरून कारण नसताना तीनदा गेले.

पुढच्या आठवड्यात मस्तगडातच एका घरी बधाईला गेलो. पहिलटकरीण, मुलगा झालेला. मैनेनं नेहमीसारखे हात पुढं केले. बाळंतिणीनं लेकरू दिलं — आणि तिचा दीर मधे आला. त्यानं लेकरू मैनेच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, पेपरात आलंय, हा खोटा आहे. ही खरी.

लेकरू रडायला लागलं. माझ्याकडं गप्प होईना. मी नाचले.

घरी आल्यावर मैना बराच वेळ हातपाय धूत राहिली. मग पेपर घेऊन माझ्याजवळ बसली. संध्याकाळचं ऊन होतं, अंगणात आम्ही दोघीच.

"चंदा, पुन्हा वाच बरं," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय लिव्हलंय, सगळं वाच."

इथं सांगता आलं असतं. याच्यापेक्षा बरी जागा कोणती मिळणार होती? ती रागावली असती, मारलं असतं, मग जवळ घेतलं असतं — मला ठाऊक आहे तिचा स्वभाव. मी पेपर हातात घेतला आणि तेच वाचलं. पहिल्यांदा वाचलं तसंच, शब्द न चुकवता. मला माझं खोटं पाठ झालं होतं.

ती म्हणाली, "मंग लोकं खोटं बोलून राह्यलेत." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मग घरं बंद होत गेली. मैना सोबत असली की दारं लागायची. अम्मानं एकदा मला विचारलं, पेपरात तसं काही नाही ना? मी नाही म्हणाले. अम्मानं मैनेला काही दिवस घरी बसायला सांगितलं. मैना घरी बसणारी नव्हती. परभणीला दुसऱ्या एका गुरूचं घर होतं, तिथं जाते म्हणाली. टेसनावर मी पोचवायला गेले. गाडी यायच्या आधी तिनं विचारलं, दुसरा पेपर देतीस का? तिथल्यांना दाखवीन म्हणे, माझं बोलणं छापून आलंय. नाही म्हणायला कारण काय सांगणार होते? दिला. तिनं घडी करून चोळीत ठेवला. गाडी हलल्यावर दारातून हात हलवत राहिली.

माझं मात्र चांगलंच झालं. आणखी एका पेपरानं बोलावलं. आमच्यातले दुसऱ्या गावांचे गुरू जालन्याला जमले, फोटो काढू द्यावेत की नाही यावर दिवसभर वाद झाला, आणि त्या वादात माझं नाव घेतलं गेलं — चंदासारखी बोलणारी हवी, म्हणून. मी उभी राहून बोलले. दगड मारणाऱ्या पोराचंच बोलले. लोक रडले. मीही रडले, आणि खरं रडले.

एक-दोन वर्षांनी परभणीच्या घरातली एक बाई अम्माला भेटायला आली. गप्पांत मला म्हणाली, आमच्याकडं एक शिकलेली पोरगी नवी आलीय. मैनेनं तिच्याकडून तुमचा तो पेपर वाचून घेतला.

मी विचारलं, मग?

ती म्हणाली, मैनेनं सगळं ऐकलं. पुन्हा वाच म्हणाली. पोरीनं पुन्हा वाचलं. मग पेपर परत घडी करून ठेवला आणि एवढंच म्हणाली, "बोलनं माझंच हाय. बराबर लिव्हलंय."

माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काही म्हणाली नाही. अजून नाही. परभणी लांब नाही, गाडी रोज जाते. मी गेलेले नाही.

उरलेली प्रत माझ्याकडं आहे. फोटो कापून मी काचेत बसवलाय, खालच्या ओळी कात्रीनं काढून टाकल्या. तो माझ्या खोलीत समोरच्या भिंतीवर आहे. रोज सकाळी उठले की आधी तोच दिसतो. मी चांगली दिसते त्यात. मला तो आवडतो.