अमेरिकन पाहुण्याचं शूटिंग

आमच्या घराचा वरचा मजला बांधताना ह्यांनी दारं नेहमीच्या मापाचीच बसवली. पुढेमागे तिथे अमेरिकेचा बास्केटबॉल खेळाडू राहायला येईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? तो आला आणि पहिल्याच संध्याकाळी चौकटीवर कपाळ आपटून बसला. मी हळद घेऊन वर गेले. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, ज्या ज्या देशात खेळलो तिथल्या पहिल्या दाराने माझं असंच स्वागत केलं आहे. देश बरेच होते. आधी पोलंड, मग बहारीन, मग फिलिपिन्स, मग पुन्हा पोलंड, पण या खेपेस खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, आणि आता नागपूर. हे सगळं त्याने जिना उतरल्यासारखं सांगितलं. शेवटची पायरी कोणती ते मला कळलं, पण पाहुण्यासमोर वाईट वाटून घेणं बरं दिसत नाही.

देशात एक नवी व्यावसायिक लीग निघाली होती आणि तिच्यातला नागपूरचा संघ एका बिल्डरने घेतला होता. सरावाला मैदान हवं म्हणून तो आमच्या भागातल्या क्लबकडे आला, आणि क्लबचे सेक्रेटरी आमचे हे असल्यामुळे मैदानाबरोबर खेळाडूही आमच्या गळ्यात पडला. ऊन तापायच्या आत लीग आटोपली. खेळून नव्हे, बंद पडून. बिल्डरने फोन उचलणं सोडलं. बाकीचे परदेशी खेळाडू विमानं पकडून आपापल्या घरी गेले. हा मात्र आमच्या कूलरसमोर पाय पसरून बसून राहिला.

त्याला कारण होतं. पुढच्या सीझनची नोकरी हवी तर अलीकडच्या एका मॅचचं शूटिंग पाठव, असं त्याच्या एजंटने बजावलं होतं. पोलंडचा मागचा सीझन त्याने बहुतेक बाकावर काढलेला, तिथलं दाखवण्यासारखं काही नव्हतं. इथली लीग तर सुरू होताहोताच मेली. एक मॅच पाहिजे होती, आणि तिचं एक सलग शूटिंग. ते नसेल तर घरी जायचं आणि उरलेला जन्म माजी खेळाडू म्हणून काढायचा. "अजून एक सीझन, काकू," तो म्हणायचा. आमच्या घरात नोकरीतल्या एक्स्टेन्शनची किंमत कुणी समजावून सांगायला नको. मौद्याकडच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी पहिले काही महिने रोज सकाळी डबा भरायला सांगितला होता आणि तो घरातच बसून, डब्यातूनच खाल्ला होता.

आता माझ्याविषयी थोडं. मी विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, मग मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलं. शिट्टी गेली, नजर राहिली. तो जिना उतरताना प्रत्येक पायरीवर उजवा पायच आधी टाकतो आणि डावा मागून ओढून आणतो, हे मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं. एकदा मी खाली उभी राहून नुसती बघत राहिले. त्याला कळलं.

"गुडघा जुना आहे," तो हळूच म्हणाला. "पण तापला की मैदानावर दिसत नाही. थंड झाला की दिसतो."

"एजंटले माहीत आहे?"

त्याने नाही अशी मान हलवली. तेवढ्यापुरतं मराठी त्याला समजायला लागलं होतं.

क्लबची दर वर्षीची स्पर्धा एप्रिलमध्ये, संध्याकाळी दिव्यांखाली होते. शेवटच्या दिवशी प्रदर्शनीय सामना ठेवू, त्यात पाहुण्याला खेळवू आणि शूटिंग करून घेऊ, ही कल्पना माझी. ह्यांनी ती ताबडतोब आपली म्हणून कमिटीत मांडली आणि मंजूर करून घेतली. शूटिंगसाठी कामठीचा एक फोटोग्राफर ठरला. माझ्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं होतं आणि त्यात एकही नातेवाईक रुसला नव्हता, एवढ्यावर त्याची निवड झाली. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं.

"हे पाहा, मले पाहुणे नाही पाहिजे. मॅच पाहिजे. समोरच्या गच्चीवर उभा राह्य. पुरं मैदान दिसलं पाहिजे, अन् कुठंच कापायचं नाही."

"काकू, तुम्ही टेन्शन काहून घेऊन राहिल्या?" तो म्हणाला. "लग्नात तुमचा एक तरी माणूस सुटला होता का?"

मी निश्चिंत व्हायला नको होतं. पण पुतणीच्या लग्नात खरोखरच कुणी सुटलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी पाहुणा दुपारपासून तयारीला लागला. खोलीत उड्या मारल्या, जिन्यात पाय ताणले, गुडघ्याला कसलंसं मलम चोळलं. मैदानावर आला तेव्हा घामाने निथळत होता आणि गुडघा चांगला तापलेला होता. सामना सुरू झाला. मी पुष्कळ मॅचेस पाहिल्या आहेत, पण त्या पहिल्या डावासारखं काही आमच्या सिमेंटच्या मैदानावर कधी झालं नव्हतं. आमची पोरं त्याच्या खांद्याखालून धावत होती आणि तो कुणालाही न दुखावता त्यांच्यामधून वाट काढत होता. मग त्याने मधल्या रेषेच्या जरा पुढून धाव घेतली, वर उठला, आणि वर उठून थोडा थांबला असंच मला वाटलं. चेंडू त्याने वरून जाळीत दडपला. बोर्ड हादरला. मी खुर्चीवर चढून ओरडले. साडी, वय, शेजारणी, काही सुचलं नाही. मनापासून ओरडले.

आणि तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली.

आमच्याकडे सत्काराशिवाय काही होत नाही. प्रमुख पाहुणे उशिरा येतात, आले की खेळ थांबतो. माईकवरून ह्यांनी सामना थांबवल्याचं जाहीर केलं. मी मंचाकडे धावले.

"अहो, त्याचा गुडघा थंड होईल! संपल्यावर करा ना सत्कार."

"अवं, पाहुणे आले त तसेच बसवून ठेवू का त्यायले?" ह्यांनी माईक हाताने झाकून विचारलं, आणि लगेच माईकवर पहिलं नाव पुकारलं.

प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला. मग मंडप देणाऱ्यांचा, पाणी देणाऱ्यांचा, माजी अध्यक्षांचा, आजी अध्यक्षांचा. मग आपल्या परदेशी पाहुण्याचा. शाल त्याच्या खांद्यावर पोचेना म्हणून अध्यक्ष खुर्चीवर चढले. नारळ त्याने बास्केटबॉलसारखा एका पंजात धरला, तेव्हा खूप टाळ्या पडल्या. मग भाषण झालं. शाल पांघरून तो उभा होता आणि दर थोड्या वेळाने डावा पाय झटकत होता. शेअर ऑटोतून फिरताना शिकलेला एकच शब्द त्याने मान वळवून माझ्या दिशेने टाकला.

"काकू, काहून?"

सामना पुन्हा सुरू झाला तो वेगळाच. पाहुणा धावला, पण डावा पाय मागे राहत होता. एका वळणावर तो चक्क लंगडला, सगळ्यांसमोर. थोड्याच वेळात हात वर करून बाहेर आला. रसवंतीवाल्याकडून मी बर्फ आणून गुडघ्यावर बांधला. तो गच्चीकडे बघत म्हणाला, "पहिला डाव तरी आला असेल." मीही तेच म्हणत होते. पहिला डाव आला म्हणजे झालं.

गच्चीवर मात्र कुणी नव्हतं. फोटोग्राफर खाली, मंचाच्या जवळ, सत्काराच्या दिव्यांखाली होता.

दोन दिवसांनी तो पेनड्राइव्ह घेऊन आला आणि आम्ही सगळे हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो. आधी गणपती आला. मग गुलाबाच्या पाकळ्यांतून पाहुण्याचं नाव उमटलं, मागे सनई. मग सामना. सामना म्हणजे प्रेक्षक. पहिल्या रांगेतले, दुसऱ्या रांगेतले, आईसक्रीम खाणारे, फोनवर बोलणारे. चेंडू मधूनमधून पडद्याच्या कडेला येऊन जायचा. आणि मग ती उडी. पाहुणा धावत निघाला, वर उठला, आणि बरोबर त्या क्षणी पडद्यावर मी आले. खुर्चीवर उभी, पदर खांद्यावरून ढळलेला, तोंड उघडं. तेच पुन्हा, स्लो मोशनमध्ये. तेच पुन्हा, हृदयाच्या आकारात. चेंडू जाळीत गेला की नाही, ते या फिल्ममधून कधीच कुणाला कळणार नाही. पुढे सत्कार मात्र पूर्ण होता, एकही शाल न सुटता. लंगडणं कुठेच नव्हतं, कारण त्या वेळी कॅमेरा मिठाईच्या खोक्यांवर होता.

मी फोटोग्राफरवर तुटून पडले. एका माणसाचं नशीब तुझ्या हातात दिलं होतं आणि तू माझं तोंड काढत बसलास, असं बरंच काही बोलले. तो जरासाही हलला नाही.

"काकू, बॉल त रोजच जाते जाळीत. तुम्ही अशा ओरडताना पुन्हा कधी दिसान?"

ह्यांना हे पटलेलं दिसलं. पाहुणा वर गेला. त्याने तेच शूटिंग एजंटला पाठवून दिलं, दुसरं होतंच काय पाठवायला? मला रात्रभर राग येत राहिला, ह्यांचा, फोटोग्राफरचा, आणि स्वतःच्या उघड्या तोंडाचा.

आठवड्याभरात उत्तर आलं. पाहुणा जिना उतरून आला, उजवा पाय, डावा पाय, आणि फोन माझ्यासमोर धरून वाचायला लागला. मंगोलियात एक नवा संघ निघाला होता. त्याच्या मालकाने कळवलं होतं, खेळ फारसा दिसत नाही, पण ज्याच्यासाठी बायका खुर्चीवर चढतात असा खेळाडू आम्हाला पाहिजे. स्टेडियम भरायचं आहे. बाकी तब्येत तिथे आल्यावर बघू.

विद्यापीठाच्या पुढे माझी कधी निवड झाली नाही. ज्या एका निवडीत माझा हात लागला ती दुसऱ्याची होती, आणि तीसुद्धा तोंडाच्या जोरावर. तो मुलासारखा हसत होता. मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी त्याच्या गुडघ्याची भीतीही वाटली. पण गुडघ्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

निरोप द्यायला सगळा क्लब विमानतळावर गेला. ह्यांनी दारासमोरच सत्कार उरकला, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. नारळ विमानात नेऊ देत नाहीत म्हणून तो माझ्याकडे आला. पाहुणा वाकून माझ्या पाया पडायला लागला, तर मीच त्याला धरलं, कारण वाकल्यावर उठताना त्याला त्रास होतो. मग तो बॅगा ओढत दाराकडे निघाला. आज फोटोग्राफर शहाणा झाला होता. माझी बोलणी त्याच्या चांगलीच लक्षात होती. लांब उभा राहून, कॅमेरा न हलवता, त्याने पाहुण्याला पूर्णच्या पूर्ण घेतलं, पावलापासून डोक्यापर्यंत.

हा निरोपाचा व्हिडिओ मंगोलियाच्या संघाने मागवला होता, आपल्या प्रेक्षकांना दाखवायला. पाठवायच्या आधी फोटोग्राफर लॅपटॉप घेऊन घरी आला. या वेळी मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

सगळं अगदी स्वच्छ आलं होतं. मोकळी फरशी, उजेड, आणि मधोमध चालत जाणारा तो. डावा पाय प्रत्येक पावलाला मागे पडत होता. बॅगा ओढताना तर गुडघा वाकतच नव्हता. ते बघायला पी.टी.च्या बाईची नजर नको होती, कुणालाही दिसलं असतं.

"काकू, इथं ते लंगडून राहिले," फोटोग्राफर म्हणाला. "पण मी काही कापलं नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"काप," मी म्हटलं.

"पुरं?" त्याने विचारलं.

"पुरं काप. अन् तिथं माझं ते खुर्चीवरचं टाक."