आडवं गेलेलं विमान

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं माझं आणि मामाजींचं बोलणं चहा, पेपर आणि लाइट यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. विदर्भातून येऊन जबलपूरला राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी हवाई दलातून निवृत्त झाले होते. तीसेक वर्षं त्यांनी लढाऊ विमानांची रडारं दुरुस्त केली होती, एवढंच मला माहीत होतं. माणूस मायाळू, पण बोलण्याची सवयच नव्हती. पेपर वाचून झाला की नीट घडी घालून माझ्याकडे सरकवायचे आणि सांगायचे, "लाइट चार वाजता जाणार म्हणतात." झालं आमचं दिवसभराचं संभाषण.

मी एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. दुपारी दीडपर्यंत घरी यायची. नवऱ्याची नोकरी कटनीला, तो संध्याकाळच्या गाडीने परतायचा. मधल्या वेळात माझा एक नाद चालायचा, ज्याबद्दल मी घरात फारसं बोलले नव्हते. लढाऊ विमान उडवण्याचा एक सिम्युलेटर माझ्या कॉम्प्युटरवर होता. उडवण्यात मी अगदी सुमार. दहातल्या सात वेळा उतरताना आपटायची. पण त्या सिम्युलेटरसाठी नवी विमानं तयार करणारी हौशी मंडळी इंटरनेटवर होती, देशोदेशीची. त्यातल्या एका गटात मी शिरले होते. एक जुनं लढाऊ विमान आम्ही फुकटात बनवत होतो. कुणी बाहेरचा सांगाडा करत होतं, कुणी इंजिनाचे आवाज. रडार कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

मला ते सोपं वाटलं होतं. कोणतं विमान कुठे आहे हे कॉम्प्युटरला ठाऊकच असतं. आपल्या विमानाच्या नाकासमोर एक कोन धरायचा, त्या कोनात जी विमानं येतील त्यांचे ठिपके पडद्यावर काढायचे. दोन आठवड्यांत काम झालं. हिरव्या पडद्यावर ठिपके नाचताना पाहून मी स्वतःवर खूश होते.

हिवाळ्यातली दुपार होती. मटारचे दिवस. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हॉलमध्ये पाच किलो मटार सोलत बसल्या होत्या. मामाजी त्यांच्यासाठी माझ्या खोलीतल्या माळ्यावरचं जादा पातेलं काढायला आले आणि पडद्यासमोर थबकले.

"हे काय करून राहिली बेटा?"

"विमानाचं रडार आहे मामाजी. खेळातलं."

त्यांनी चष्मा सारखा केला. मिनिटभर पाहिलं. मग म्हणाले, "हे रडार नाही. ही तर हजेरी आहे. सगळे हजर! असं कुठं असते?"

मला राग आला. "मग कसं असतं?"

ते पातेलं घेऊन निघाले, दारापर्यंत गेले, परत वळले आणि खुर्ची ओढून बसले. "अँटेना किती वेळात फिरते तुझी?"

अँटेना? माझ्या रडारला अँटेनाच नव्हती. ते कुठे शोधतच नव्हतं, त्याला सगळं आधीच कळत होतं. मामाजींनी पेन मागितलं आणि कॉलेजच्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे काढून दाखवलं. अँटेना डावीकडून उजवीकडे जाते, परत येते, त्याला दोन-तीन सेकंद लागतात. एकदा दिसलेलं विमान पुढच्या फेरीपर्यंत तिथेच दिसत राहतं, पण ते तिथे नसतं, पुढे गेलेलं असतं. अँटेना वर बघत असेल तर खालचं दिसत नाही, खाली बघत असेल तर वरचं. दूरचं विमान एकदा दिसतं, एकदा नाही.

"मग पायलटला कळतं कसं?"

"कळत नाही ना! तीच तर गंमत आहे."

बाहेरून आईंचा आवाज आला, "कोण आलं आहे हो? बोलून कोण राहिलं इतकं?"

"कोणी नाही. मीच आहे," मामाजी म्हणाले.

त्या दिवशी आईंना पातेलं मिळालं नाही. त्यांनी मटार परातीत काढले.

मग दुपारी दोन ते चार हा आमचा वर्ग सुरू झाला. चारला लाइट जायची, म्हणून घाई असायची. एकदा मी सहज विचारलं, "तुमच्या रडारला समोरचं विमान किती किलोमीटरवरून दिसायचं?" मामाजी उठले आणि निघून गेले. मला वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर माझ्या टेबलापाशी बसलेले.

"हे पाह्य बेटा," ते म्हणाले, "जे कॉलेजच्या पुस्तकात छापलं आहे ते मी सांगीन. जे सांगणार नाही म्हणून सही करून आलो, ते नाही सांगणार. नंबर तर बिलकुल नाही. बुरा मत मानना."

"पण मामाजी, ते विमान आता कुठे उडतही नसेल."

"मी तर आहे ना अजून."

मी म्हटलं, मग आकडे आणू कुठून. ते हसले. "अंदाज कर. गलत झाले तरी चालतील. पण गलत असे कर की रडार जसं गलत होते तसं होतील."

हे वाक्य मी आजही विद्यार्थ्यांना सांगते, रडारचा संदर्भ न देता. खेळातल्या कॉम्प्युटरला सगळं माहीत असतं, आणि मला त्याला माहीत नसण्याचे नियम शिकवायचे होते. हे काम माहिती दाखवण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं.

एक गोष्ट मात्र कागदावर काढूनही माझ्या डोक्यात शिरेना. वरून खाली पाहताना रडारला जमिनीचाही प्रतिध्वनी येतो, आणि तो विमानापेक्षा हजारपट मोठा असतो. मग त्यात विमान कसं सापडतं? मामाजी तीन दिवस समजावत राहिले. चौथ्या दिवशी रविवार होता. नागपूरहून पाहुणे आले होते, त्यांना भेड़ाघाट दाखवायला सगळे निघालो. धुआंधार धबधब्यापाशी पोचलो, तर मामाजी पाहुण्यांना सोडून एका खेळण्यांच्या टपरीवर गेले आणि प्लास्टिकची शिट्टी घेऊन आले.

मला त्यांनी कठड्यापाशी उभं केलं. स्वतः धबधब्याच्या बाजूला बरेच पुढे गेले आणि माझ्याकडे तोंड करून काहीतरी बोलले. ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. पाण्याचा आवाज सगळं गिळून टाकत होता. मग त्यांनी शिट्टी वाजवली. बारीक, पण स्पष्ट ऐकू आली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. एका बाईने तिच्या मुलाला घट्ट धरलं, तिला वाटलं पहारेकरी शिट्टी मारतोय. मामाजी धावत माझ्याकडे आले.

"समजली? पाण्यापेक्षा माझी शिट्टी किती लहान! पण सूर वेगळा आहे. तुझ्याकडे येणाऱ्या विमानाच्या प्रतिध्वनीचा सूर जमिनीपेक्षा वेगळा लागते. रडार जमिनीचा सूर कापून टाकते, मग विमान उरते."

"आणि शिट्टीचा सूर पाण्यासारखाच असला तर?"

"शाब्बास. तर तेही कापलं जाते. विमान तुझ्याकडे येत नसेल, तुझ्यापासून जातही नसेल, अगदी आडवं चाललं असेल, तर त्याचा सूर जमिनीचाच. रडारच्या हिशेबी ते नाहीच."

"हे काय चाललंय तुमचं?" नवऱ्याने विचारलं. कपडे तुषारांनी भिजले होते आणि सासरा-सून शिट्टी हातात घेऊन हसत होते. पाहुण्यांनी नागपूरला जाऊन काय सांगितलं असेल, कोण जाणे.

हे सगळं प्रोग्राममध्ये उतरवायला मला दोन महिने लागले. झालं तेव्हा मामाजींना बोलावलं. पडद्यावर एक विमान आमच्या खालून समोर येत होतं. ठिपका स्पष्ट होता. मग मी त्याला वळवलं. ते आडवं झालं. अँटेना एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि ठिपका गेला. पडदा रिकामा. थोड्या वेळाने त्याने परत आमच्याकडे तोंड केलं, तेव्हा ठिपका भलत्याच ठिकाणी उगवला.

"पुन्हा दाखव," मामाजी म्हणाले.

मी पुन्हा दाखवलं. त्यांनी चार वेळा पाहिलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"अच्छा," ते हळू म्हणाले, "असं दिसलं असेल त्याला."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीत उमेदीची वर्षं होती. एक तरुण पायलट सराव करून उतरला आणि तक्रारीच्या वहीत लिहून गेला, रडार बिघडलं आहे, पकडलेलं विमान आपोआप नाहीसं होतं. मामाजींनी रडार उतरवलं, टेबलावर लावलं, तीन दिवस तपासलं. काही सापडलं नाही. वहीत लिहिलं, दोष आढळला नाही. आठवड्याने त्याच पायलटची तीच तक्रार. पुन्हा तपासणी, पुन्हा दोष नाही. तिसऱ्या वेळी दोघांची बाचाबाची झाली. पायलट म्हणाला, तुम्हाला काम येत नाही. मामाजी म्हणाले, साहेब, तुम्हाला पडदा बघता येत नाही. बाकीच्यांसमोर म्हणाले.

"मग?"

"मग काय, एक बुजुर्ग वॉरंट ऑफिसर होते. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, समोरचा आडवा गेला होता काय? तो म्हणाला, हो, दर वेळी. बस. रडारही ठीक, पायलटही ठीक. मला पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण सुचलं नाही. कारण मी कधी पाहिलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"मी कधी उडलो नाही बेटा. आम्ही जमिनीवरचे. टेबलावर खोटा सिग्नल द्यायचा, ठिपका आला की सही करायची. खरा ठिपका मी आजपर्यंत..." ते थांबले आणि पडद्याकडे बोट केलं. "हा पहिला."

तो पायलट पुढे कुठे गेला, त्यांना माहीत नव्हतं. त्याची माफी मागायची राहिली, एवढंच म्हणाले. तेवढ्यात लाइट गेली. आम्ही दोघं बंद पडद्यासमोर बसून राहिलो.

आमच्या गटाचं विमान इंटरनेटवर लोकांसाठी खुलं झालं आणि तक्रारींचा पाऊस पडला. रडार बिघडलंय. ठिपके गायब होतात. आधीचं बरं होतं. गटाचा प्रमुख सभ्य माणूस होता, कुठल्याशा थंड देशातला. त्याने लिहिलं, थोडं सैल कर, लोक सोडून जातायत. मी रडवेली झाले. मामाजी मात्र ऐकून उजळले.

"तक्रार आली? वाह! मतलब बरोबर बनलं. चलो, वही उघड."

रोज दुपारी मी एकेक तक्रार वाचायची, ते उत्तर सांगायचे, मी इंग्रजीत लिहायची. बहुतेक उत्तरांची सुरुवात एकाच प्रश्नाने व्हायची: समोरचं विमान आडवं गेलं होतं का? पण कुणालाही त्यांनी 'तुम्हाला बघता येत नाही' असं लिहू दिलं नाही. मी एकाला जरा टोचून लिहिलं होतं, तर ते खोडायला लावलं. "तो खरं सांगून राहिला आहे. त्याला दिसलं नाही म्हणजे नाही दिसलं."

काही लोकांना पटलं, काही गेलेच. शेवटी मी सोप्या रडारचा एक वेगळा पर्याय ठेवला. मामाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले. "ठीक आहे. नव्या पायलटलाही पहिल्या दिवशी कोणी लढाऊ विमान देत नाही. पण नाव बराबर ठेव." म्हणून त्या पर्यायाचं नाव मी 'हजेरी' ठेवलं, देवनागरीत. परदेशी मंडळी विचारत राहिली, याचा अर्थ काय. मी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस मी मामाजींना खुर्चीत बसवलं आणि जॉयस्टिक हातात दिली. "आज तुम्ही उडवा." नाही-हो करत तयार झाले. पहिल्यांदा धावपट्टीवरून घसरून गवतात गेले. दुसऱ्यांदाही. आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इतकी वर्षं हेच शिकले काय तिथं?" तिसऱ्यांदा विमान उचललं गेलं. मामाजींनी श्वास रोखून धरला होता, खांदे कानापर्यंत आलेले. ढगांवर पोचल्यावर ते जरा सैल झाले.

मी सवयीने रडारचं बटण दाबलं. हिरवा पडदा उजळला, अँटेना फिरू लागली.

"बंद कर ते," मामाजी म्हणाले. "आता बाहेर पाहू दे."

मी बंद केलं. खाली एक नदी होती, कुठलीतरी, खेळ बनवणाऱ्यांनी काढलेली. मामाजींनी विमान हळूच एका अंगावर कलतं केलं, आणि आईंना हाक मारली, "अहो, या इकडे. बघून घ्या एकदा."