कुंडलला मी व्हिडिओचा पंच झालो तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला माणूस भर दुपारी, भरल्या घरात किती मोठा गाढव ठरू शकतो, हे मी सिद्ध करून दाखवलेलं आहे. तेही प्रयोगाने!

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी सांगलीत, विश्रामबागेत राहायचो आणि कॉलेजात शिकवायचो. एका सकाळी कुंडलचे सर्जेराव दारात उभे. उसाचे बागाईतदार, मुलगा माझा विद्यार्थी.

"सर, लय अडचणीत हाय. दुबईचा भाचा म्हणतोय, मामा, येताना व्हिडिओचं मशीन आणतो. कंचं आणू ते कळवा."

"मग कळवा की!"

"कंचं कळवू? थोरलं जावई माधवनगरचं, त्यांच्याकडं बीटा. धाकटं कराडचं, त्यांच्याकडं व्हीएचएस. ह्याची क्यासेट त्यात जात न्हाई, त्याची ह्यात जात न्हाई. बीटा आणलं तर धाकटी लेक रुसतीया. व्हीएचएस आणलं तर थोरली म्हायेराला पाय लावत न्हाई. तुमी शिकल्यालं माणूस. तुमी सांगा, म्हंजी मी म्हणतो, सरांनी ठरवलं!"

आता मी कसा माणूस? घराला कुलूप लावून बसस्टॉपवरून तीनदा परत येणारा! दोन वांग्यांतलं चांगलं कुठलं हे ठरेना, म्हणून पडवळ घेऊन घरी येणारा! पण 'शिकल्यालं माणूस' म्हटलं की मला काहीतरी होतं.

"मत नको," मी म्हटलं. "प्रयोग करू."

आतून बायको म्हणाली, "अहो, कुठलंही एक नाव सांगा आणि मोकळे व्हा!" ऐकलं असतं तर?

रविवारी दुपारी कुंडलला पोचलो. हे गाव कुस्तीचं. दोन मशिनांची झुंज म्हटल्यावर सर्जेरावांच्या सोप्यात माणूस मावेना. खिडक्यांवर घोंगडी टाकून अंधार केलेला. समोर एकच रंगीत टीव्ही. त्याच्यामागे सतरंजीचा पडदा, आणि पडद्याआड जावयांची दोन मशिनं. दोन्हींसाठी एकाच हिंदी सिनेमाच्या दोन क्यासेटी. मधे मी घरी बनवलेला खटका. दांडा डावीकडे ओढला की बीटाचं चित्र, उजवीकडे ओढला की व्हीएचएसचं. लोकांना यातलं काही सांगायचं नाही, म्हणजे निकाल निःपक्षपाती. मलाही ते ठाऊक असू नये, म्हणून मी विसरायचा प्रयत्न करत होतो.

पडद्याआड जाऊन तारा तपासल्या, क्यासेटी तपासल्या. पुन्हा तपासल्या. सर्जेरावांच्या बायकोने चहा आणला, तो पिऊन पुन्हा तपासायला निघालो, तर लोक ओरडले, "आवं सर, सलामी झाली, आता कुस्ती लावा!"

लावली. डावीकडे. खट्ट! नायिका पिवळ्या साडीत धावतेय. उजवीकडे. खट्ट! तीच नायिका, तीच साडी, आणि सिनेमा पापणी लवण्याएवढाही मागेपुढे नाही! दोन मशिनं मी इतकी अचूक एकत्र सुरू केली होती! माझा मलाच अभिमान वाटला.

आणि फरक? तुम्हाला सांगतो, डोळ्यांत भरत होता!

"पाहा," मी काठी घेऊन पुढे झालो, "डावीकडे पिवळा रंग फिकट. उजवीकडे हळदीसारखा. डावीकडे नायकाच्या मिशांचा नुसता पट्टा, उजवीकडे केस न् केस सुटा."

"व्हय की!" मागून एक जण. "आन् उजवीकडं आवाज बी खणखणीत हाय!"

"डावीकडं ती जरा रोडावल्यागत दिसतीया," दुसरा.

तीन वेळा निकाल तपासला. तिन्ही वेळा उजवी बाजू! मी घसा खाकरून जाहीर केलं, "व्हीएचएस!"

कराडचे जावई टुणकन उठले. "काय साडू? मी म्हणत हुतो का न्हाई?" आणि क्यासेट काढायला पडद्याआड गेले.

 आतून गर्जना.

"माजी क्यासेट कुनी काढली?"

मशीन रिकामं! कराडकरांनी थेट साडूकडे बोट रोखलं. "हरल्यावर चोरी करता व्हय?"

"चोर कुनाला म्हणता?" माधवनगरकरांनी बाह्या सरसावल्या. सर्जेराव मधे. मीही मधे. "सज्जनहो, पराभव खिलाडूपणे घ्यावा," असं म्हणत कपाळाचा घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खांद्यावरच्या शबनम पिशवीत हात घातला.

रुमालाआधी क्यासेट हाती आली. चहाची बशी धरायला हात मोकळा हवा म्हणून मीच ती तिथे टाकली होती.

 पहिली बोलली ती सर्जेरावांची बायको. "मंग आवं सर, उजवीकडं दिसत हुतं ते काय हुतं?"

मी खटका उघडला. दांडा खट्ट करून हलत होता, पण आतली पितळी पट्टी जागची हललीच नव्हती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बीटाच! डावीकडेही बीटा, उजवीकडेही बीटा!

आधी माधवनगरकर हसले. मग कराडकर. मग दोघे साडू एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. हसले नाहीत ते फक्त सर्जेराव.

"म्हंजी सर, मशीन एकच, आन् नुसता दांडा वडला की चित्र सुधारतंय?"

"तसं नव्हे हो, तो नुसता भास..."

"भास कसला? समद्या गावानं बघितलंय की!" ते जावयांकडे वळले. "पाव्हणं, भांडन मिटलं. भाच्याला लिवतो, कंचंबी आण. वर सरांचा दांडा लावू!"

आणि खटका त्यांनी ठेवूनच घेतला.

संध्याकाळच्या एसटीत मान खाली घालून बसलो होतो. घरी बायकोने विचारलं, "ठरलं का?" मी म्हटलं, "ठरलं." पण आज या वयात तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला अजूनही वाटतं, उजवीकडचा पिवळा रंग अंमळ उठावदार होता.